पाचव्या कलमाचं कारण

आठवीचा अख्खा वर्ग तिला भोंगा म्हणायचा आणि तिला ते मनापासून आवडायचं. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही तिचा आवाज जेमतेम निघायचा. मग एका वक्तृत्व स्पर्धेत काय जादू झाली कोण जाणे, तोंड जे उघडलं ते उघडलंच. त्यामुळे नागरिकशास्त्राच्या बाईंनी, घटना नुसती पाठ करू नका, वर्गापुरती एक लिहून बघा, असं सांगितलं तेव्हा मसुदा समितीचं अध्यक्षपद तिच्याकडे आपसूक चालत आलं.

तीन दिवस नुसता कल्ला. खिडकीपाशी कुणी बसायचं, फळा कुणी पुसायचा, तास चालू असताना डबा उघडला तर काय करायचं. पाचवं कलम भोंग्याचं स्वतःचं होतं: इतिहासाचा धडा रोज एकेकाने पाळीपाळीने उभं राहून मोठ्याने वाचायचा, सूट कुणालाच नाही. समानता म्हणजे समानता! सातवं कलमही तिचंच, आणि त्याचा तर तिला भारी अभिमान: कुठलंही कलम बदलायला दोनतृतीयांश मतं हवीत, आणि बदल मागणाऱ्याने खरं कारण सगळ्यांसमोर सांगायला हवं. ‘खरं’ या शब्दाखाली तिने लाल रेघ ओढली होती. बाईंच्या भुवया वर गेल्या.

पाचव्या कलमाला तेहतिसातले बत्तीस हात वर झाले. वर न झालेला तेहतिसावा हात तिच्याच बाकावरचा होता.

ही शेजारीण यंदाच शाळेत आलेली. विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायची, म्हणून वर्गाने तिला शिष्टाबाई करून टाकलं होतं. खरं काय ते फक्त भोंग्याला ठाऊक होतं. शेजारणीचे शब्द अडायचे. दोघीच असल्या की ती भरपूर बोलायची, शिपाईमामांची नक्कल तर अशी करायची की हसून पोट दुखावं. मध्येच एखाद्या अक्षरापाशी थांबायची, दम खाऊन पुढे निघायची. एरवी कुणाचं वाक्य पुरं होऊ न देणारी भोंगा तेवढ्यापुरती गप्प राहायची. एवढं सगळं माहीत असून कलम लिहिताना भोंग्याच्या डोक्यात ते आलंच नाही.

शाळा सुटल्यावर शेजारीण म्हणाली, “गुरुवारी धडा वाचायची पाळी माझी आहे. मी येणार नाही. पुढच्या पाळीलाही नाही.”

भोंगा धावत शिक्षकांच्या खोलीत गेली आणि कलम रद्द करा म्हणून बाईंच्या मागे लागली. वह्या तपासता तपासता बाईंनी साफ नकार दिला. त्यांनीच रद्द केलं तर ती मुलांची घटना कसली? सातवं कलम आहे ना, त्या रस्त्याने जा. पण कारण कसं सांगणार? शेजारणीने आधीच बजावलं होतं, तिचं नाव निघालं तर जन्मात बोलणार नाही. आणि खोटं सांगावं, तर ती लाल रेघ!

घरी आई शिलाई मशीनवर होती. ग्राहकाच्या बाहीची शिवण उसवता उसवता तिने नाव-गाव नसलेली सगळी कहाणी ऐकून घेतली.

“पण ते कलम तू घातलंसच कशाला?”

“समानतेसाठी.”

आईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “खरंच?”

रात्री भोंग्याने वही काढून ती लाल रेघ पुन्हा पाहिली.

बुधवारी मसुद्याची वही दोन्ही हातांत घट्ट धरून ती वर्गापुढे उभी राहिली. ज्याला वाचायचंय त्यानेच वाचावं, असा बदल तिने मांडला. मागच्या बाकावरून लगेच कारणाची मागणी आली.

“कारण मीच आहे,” ती म्हणाली. आवाज गेल्या वर्षीसारखा बारीक निघाला. “मला मोठ्याने वाचायला आवडतं. तुम्ही सगळ्यांनी वाचलं की मी सगळ्यांत भारी वाचते हे दिसेल, म्हणून मी ते घातलं. समानता मला नंतर सुचली.”

“म्हणजे तुझ्यापुढे फिकं पडायला आम्ही उभं राहायचं होय?”

“हो.”

वर्ग खो खो हसला. बाईंनी हात वर करायला सांगितले आणि दोनदा मोजले. एकवीस. हवे होते बावीस. बाकीच्यांना भोंग्याला हरलेलं बघायचं होतं.

बाई खडू उचलून निकाल लिहायला वळल्या, तेवढ्यात शेजारीण उभी राहिली.

“ब...” तिथेच ती अडली. कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. बाई खडू हातात धरून थांबल्या. भोंगाही थांबली, रोजच्यासारखी. आता सगळा वर्गच थांबला होता.

“बाई,” शेजारीण म्हणाली, “हिने स्वतःचा हात वर केलाच नाहीये.”

भोंग्याने हातातल्या वहीकडे पाहिलं. मग वहीसकट दोन्ही हात वर केले.

“एकच,” बाई म्हणाल्या आणि फळ्यावर बावीस लिहिले.