पाहुण्याची फळी

आमच्या आप्पांच्या पायाला भिंगरी आहे, हे मला ते माझ्याकडे राहायला आल्यावर कळलं. आई असताना ती भिंगरी कधी दिसली नव्हती. आई गेली आणि हा माणूस खुर्चीत बूड टेकवेना. खिडकीशी जायचे, दाराशी जायचे, नळ घट्ट बंद आहे का बघायचे, परत खिडकीशी. मी दिवसभर शिलाई मशीनवर बसते. गिऱ्हाइकाचं माप घेताना मागून चपला घासत कोणी फेऱ्या मारत असेल तर माझी टेप सरकते आणि डोकं फिरतं.

"आप्पा, बसा की हो जरा!"

"बसलोच होतो."

कधी? स्वप्नात?

"चार दिवस येतो" म्हणून आले होते. बॅग पलंगाखाली, भरलेलीच. रोज सकाळी त्यातून एक शर्ट काढायचे, धुतलेला घडी करून परत त्यातच. मी कपाटाचा खालचा कप्पा देऊ केला, तर म्हणाले, "कशाला, जायचंच आहे." आईचा फोटो भिंतीवर लावू या म्हटलं, तर तेच. वर सुताराचं तत्त्वज्ञान ऐकवलं. "जिथे राहायचं नाही तिथे खिळा ठोकू नये. काढताना भिंतीचा ढलपा येतो." जन्मभर लोकांच्या घरांत दारं-कपाटं ठोकली या माणसाने, पण माझ्या घरात एक टाचणीसुद्धा नाही.

जायचंच आहे म्हणजे कुठे, तर त्या रिकाम्या घरात. मी त्यांना आणायला गेले तेव्हा त्यांची पँट कमरेला चार बोटं सैल होती. बाकी कोणाला दिसलं नसेल, पण मी शिंपीण आहे. स्वयंपाकघरात चहाची भांडी सोडून एक भांडं वापरलेलं नव्हतं. परत गेले तर हा माणूस चहावर जगेल आणि एक दिवस जगायचा थांबेल. मला ते ढळढळीत दिसत होतं आणि त्या भीतीने मी त्यांच्यावर जास्तच खेकसत होते. माझी भीती नेहमी तोंडाने बाहेर पडते.

पोपटाची कल्पना माझ्या नवऱ्याची. "काहीतरी सांभाळायला द्या त्यांना," तो म्हणाला. त्याला काय, तो सकाळी बस घेऊन जातो तो संध्याकाळी उगवतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! पण दुसरं काही सुचेना, म्हणून गेलो पक्ष्यांच्या दुकानात.

दुकानदाराने पुढे केला तो शिट्टी वाजवणारा, डोकं डोलावणारा, सगळ्यांना "या, बसा" म्हणणारा. मी म्हटलं, हाच घेऊ. आप्पांनी मला बाजूला सारलं. लाकूड निवडावं तसे ते एकेक पक्षी निवडायला लागले. नाकपुड्या कोरड्या आहेत का, डोळे स्वच्छ आहेत का, शेपटीखाली घाण लागली आहे का, पायांनी दांडी घट्ट धरतो की नाही. तासभर दुकानदाराचा जीव खाल्ला. शेवटी बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या एका हिरव्या पोरावर. तो दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता येरझाऱ्या घालत होता.

"हा."

"अहो, तो बोलत नाही," दुकानदार म्हणाला.

"मला कुठे बोलायचंय?"

झालं. घरात एक होता, आता दोन झाले.

नाव ठेवायला आप्पा तयार होईनात. "नाव ठेवलं की गुंतलो," म्हणाले. म्हणून आम्ही त्याला पाहुणा म्हणायला लागलो. पण सेवा बघा पाहुण्याची! दिवसातून दोनदा पाणी, वाटी घासून. भाजी आधी त्याची बारीक चिरायची, मग आमची. दुकानातली प्लास्टिकची दांडी काढून टाकली आणि आप्पांनी स्वतः सागवानाची घडवली. काचपेपर मारून मारून अशी केली की हात फिरवला तर लोणी. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना शीळ घालताना ऐकलं. म्हटलं, जमलं बाई!

कसलं जमलं. पिंजरा एका जागी ठरेना. सकाळी खिडकीत. तासाभराने "ऊन लागतंय त्याला" म्हणून पॅसेजमध्ये. मग "इथे वारा येतो" म्हणून माझ्या मशीनशेजारी. मग "तुझ्या मशीनने त्याचं डोकं उठेल" म्हणून ओट्यावर. माझ्या ओट्यावर! एकदा गिऱ्हाईक ब्लाउज घालून बघायला आतल्या खोलीत गेलं आणि किंचाळत बाहेर आलं. आत पलंगावर पाहुणा बसलेला.

"आप्पा, एक जागा ठरवा!"

"बघतोय ना, कुठे बरं वाटतंय त्याला."

आणि मग पाहुण्याने छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. आधी एखाददुसरं पडायचं. मग पिंजऱ्याच्या तळाशी हिरवा सडा. छातीवर रुपयाएवढं टक्कल पडलं, गुलाबी, बघवेना. आप्पांनी दांडी काढून आणखी घासली, म्हणाले टोचत असेल. मी काय केलं सांगू? उघडं अंग दिसलं की शिंपिणीचे हात शिवशिवतात. मऊ अस्तराचा तुकडा घेतला आणि पाहुण्याला बंडी शिवली. पंखांना मोकळी, मागे हूक, गळ्याला बारीक शिवण. इतकी सुबक बंडी मी माझ्या पोटच्या पोराला शिवली नव्हती. घातली तेव्हा आप्पासुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तर आप्पा जमिनीवर बसलेले, पाहुणा टॉवेलात. त्याने बंडी उसवली होती आणि माझा दोरा त्याच्या बोटाला आवळून बसला होता. बोट निळं पडलेलं. आप्पा माझ्या छोट्या कात्रीने दोरा कापत होते. एकेक धागा, सूतभरही इकडेतिकडे न होऊ देता.

दोरा निघाला. बोटात रंग परत आला. आणि आप्पा भडकले.

"कोणी सांगितलं होतं तुला याला कपडे घालायला? बाहुला आहे का?"

"आणि तुम्ही? दिवसभर त्याला घेऊन घरभर नाचता ते? तुमच्यामुळे वेडा झालाय तो!"

"माझ्यामुळे ना? बरं. याला डॉक्टरला दाखवतो आणि उद्या जातो मी. सगळ्यांचीच पीडा टळेल."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तोंडातून गेलं ते गेलं. पण "नका जाऊ" हे दोन शब्द काही केल्या बाहेर येईनात. मी रिक्षा बोलवायला गेले.

पक्ष्यांची डॉक्टरीण माझ्याहून लहान होती. तिने बोट पाहिलं, मलम दिलं. टक्कल पाहिलं. मग पाय उलटे करून तळवे पाहिले.

"दांडी कोणी केली याची?"

"मी," आप्पा छाती काढून म्हणाले.

"फार सुरेख आहे. काढून टाका."

आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. एरवी मी हसले असते.

"घसरतो तो तिच्यावर, सारखा आवळून बसतो. तळव्यांना फोड येतायत. झाडाची ओबडधोबड फांदी घाला, कुठे जाड, कुठे बारीक. आणि पिंजरा कुठे असतो?"

मी आप्पांकडे बघितलं. मग आप्पाच म्हणाले, "ठरलं नाही अजून."

"मग तो पिसं नाही उपटणार तर काय करणार? त्याला वाटतं, कधीही उचलतील, कधीही जावं लागेल. असा जीव ना नीट खातो, ना नीट झोपतो. एक कोपरा द्या. पाठीला भिंत, डोळ्यांच्या उंचीवर, आणि हलवू नका. उद्याही आपण इथेच आहोत, एवढं कळलं त्याला की पुष्कळ झालं."

आम्ही रिक्षात बसलो. पाहुणा आप्पांच्या मांडीवरच्या पिंजऱ्यात. मला रडू येत होतं आणि रागही. महिनोन् महिने मलाही हेच म्हणायचं होतं या माणसाला. माझ्या तोंडून ते दर वेळी भांडण होऊन निघालं, आणि ती पोरगी दोन मिनिटांत बोलून मोकळी झाली.

घरी आल्यावर आप्पा बाहेरच्या खोलीत उभे राहिले. भिंतीवर बोटाच्या पेराने ठकठक करत गेले. खिडकीपलीकडच्या कोपऱ्यात थांबले, तिथून माझं मशीन समोर दिसतं.

"इथे फळी मारतो," म्हणाले. "तुला अडचण?"

"मला कसली अडचण."

ते आत गेले. बॅग ओढल्याचा आवाज आला. हातोडी, खिळे, ओळंबा, सगळं तळाशी होतं, म्हणून वरचं काढावं लागलं. मी दारातून बघत होते. शर्ट पलंगावर. पँट पलंगावर. स्वेटर. वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा फोटो, तोही पलंगावर, हळूच. मग हातोडी घेऊन ते माझ्या बाजूने निघून गेले.

पहिला घाव पडला तेव्हा पाहुणा दचकला आणि मीही. मग खिळा आत जायला लागला, ठाक ठाक, सरळ. चुन्याची पूड खाली पडत होती आणि मी ती झाडायचं नाव काढलं नाही. फळी बसली, त्यांनी तिच्यावर दोन्ही हातांनी भार टाकून पाहिला, पिंजरा ठेवला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक बारीक खिळा असेल तर दे."

"कशाला?"

"तुझ्या आईला."

माझं मेलं तोंड तेव्हासुद्धा सरळ चाललं नाही. म्हटलं, "बघा हं आप्पा. उद्या काढाल तर भिंतीचा ढलपा येईल."

"काढायला कोण ठोकतंय?" ते खेकसले, अगदी माझ्यासारखे.

मी त्यांना खिळा दिला आणि आत जाऊन कपाटाचा खालचा कप्पा पुसून घेतला.