टाकीतलं पाणी, पडद्यावरचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. घडवली माशांसाठी, पण माझ्यात मासा कधी पोहला नाही. ओरखडा पडला म्हणून दुकानदाराने मला कोपऱ्यात सारले, आणि संगणकावर पाण्याची हलती चित्रे बनवणाऱ्या एका ताईने उचलून आणले.

माझ्यात पाणी भरायचे, वर दिवा धरायचा, तळाशी चमचा टाकायचा आणि दिसेल तसा उजेड पडद्यावर उतरवायचा, हे तिचे काम. लोक तिची वाहवा करत. माझे नाव कोण घेणार? पुढे तिचा हात बसला आणि माझ्यात जुन्या वायरी कोंबल्या गेल्या. फार वाईट वाटले.

मग एक अपघात झाला. पोहणारी एक मुलगी मोटारबोटीखाली आली, तिचा पाय मोडला. चौकशीसाठी ते दृश्य हुबेहूब उभे करायचे काम ताईकडे आले. चौकशीच्या आदल्या दिवशी ती बोट चालवणारे काका ते पाहायला आले. पडद्यावर पाण्याखालची मुलगी स्वच्छ दिसत होती.

“ताई, पाणी नुसतं झगझगत होतं हो. खरंच दिसली नाही मला.”

“सगळी मापं बरोबर आहेत, काका.”

काकांचा चेहरा पडला. परवाना गेला तर चूल कशी पेटणार? ताईलाही चैन पडेना. तिने वायरी उपसल्या, मला काठोकाठ भरले, तळाशी चमचा टाकला, बाजूने आतले दिसू नये म्हणून समोरच्या काचेला पुठ्ठा लावला आणि दिवा पलीकडे तिरपा धरला.

“दिसतोय की चमचा!”

“तुम्ही उभ्या आहात. मी बोटीत बसलेला असतो.”

ताई खाली बसली. डोळे माझ्या काठाशी आले आणि चमचा गायब! पाण्यावर नुसता उजेड.

“अगं बाई! वरून पाणी छान दिसतं म्हणून दृश्यातला कॅमेरा मीच उंच ठेवला.”

तिने कॅमेरा काकांच्या नजरेइतका खाली आणला. पडद्यावरचे पाणी लखलखले, मुलगी दिसेनाशी झाली. माझा जीव भांड्यात पडला.

“सुटलात, काका!”

काका हसले नाहीत. “पुन्हा लावा बरं.” त्यांनी तीनदा पाहिले.

“काहीच दिसत नाहीये,” ते हळूच म्हणाले. “मग मी वेग का नाही कमी केला?”

दुसऱ्या दिवशी चौकशीत काकांनी हेच स्वतःहून सांगितले. परवाना सहा महिन्यांसाठी गेला.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. पाणी चकाकत असेल, तेव्हा त्याखाली कुणीतरी आहे असे धरूनच चाला.