लाल मातीचा थर

धम्मदीपा वाशिमच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. मुलांना डोंगरावर न्यायला गाडीची सोय होईना, म्हणून ती दर रविवारी एकटीच मेडशीकडची डोंगरधार चढायची आणि मुलं घरी बसून मोबाइलवरच्या थेट वर्गातून तिच्याबरोबर चालायची. काळा पाषाण, त्याखालचा ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या दगड, लाव्हाचे एकावर एक बसलेले थर, सगळं ती हात लावून दाखवायची.

गावी, इंझोरीला, खाटेवर पडून तिचे वडील ग्यानबाही बघायचे. त्यांनी चाळीस वर्षं विहिरी खोदल्या होत्या, त्यातल्या कितीतरी याच डोंगराच्या पायथ्याला. दगडाची धूळ छातीत बसली होती. आता अंगणापर्यंत गेलं तरी धाप लागायची. तिची आई लिलाबाई त्यांच्यापुढे फोन टेकवून द्यायची.

त्या रविवारी धम्मदीपा दोन काळ्या थरांमधल्या विटकरी पट्ट्यापाशी पोचली.

“एक लाव्हा थंड झाला, उघड्यावर झिजून त्याची माती झाली. मग वरून दुसरा आला आणि ही माती भाजून निघाली.”

“दीपा,” मधेच वडिलांचा आवाज आला. मग खोकला. “थांब बाई. तिथं…”

“बाबा, मी शिकवून राह्यली ना.”

“आइक त खरं. त्या लाल मातीच्या…” पुन्हा खोकला.

कोणीतरी खुदकन हसलं. तिला कानकोंडं झालं. तिनं त्यांचा आवाज बंद केला आणि पुढे शिकवत राहिली. संध्याकाळी त्यांना फोन करीन असं मनाशी म्हणाली, पण पेपर तपासता तपासता राहूनच गेलं.

बुधवारी सकाळी दवाखान्यात नेईपर्यंत ग्यानबा गेले.

चार दिवसांनी पाहुणे पांगल्यावर तिनं विचारलं, “आई, त्या रविवारी बाबा काय सांगून राह्यले होते?”

“मले काय मालूम? मी बाहीर भांडे घासत होती. आत आली त फोनशी बोलून राह्यले होते. मी म्हनलं, पोरगी आइकत असंन.”

धम्मदीपानं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग उघडलं. कोपऱ्यातल्या चौकटीत वडील होते. आवाज बंद केल्यावरही ते अकरा मिनिटं बोलत होते. एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून काही समजावत होते. दम लागला की थांबत, पुन्हा सुरू होत. एकदा स्वतःशीच हसले. शेवटी उत्तराची वाट बघावी तसे स्क्रीनकडे बघत राहिले.

पुढचा रविवार तिनं घरीच काढला. त्यानंतरच्या रविवारी धार चढून ती त्या पट्ट्यापाशी गेली.

“मॅडम, ते आजोबा आज दिसत नाहीत?” वैभवी नावाच्या मुलीनं विचारलं.

“माझे वडील होते ते. विहिरी खोदायचे. वारले.” तिनं मातीवर हात ठेवला. “या थराबद्दल त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी ऐकून घेतलं नाही.”

तिनं कॅमेरा खालच्या दगडाकडे वळवला. “तुमच्या गावात विहिरी खोदणारं कोणी असेल, तर या लाल मातीबद्दल त्यांना विचारून या,” ती म्हणाली.