अभ्र्यातले हात

पुण्यातल्या माणसाला पत्ता विचारला तर तो आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या अकलेची कीव करतो आणि हात लांब करून म्हणतो, "हे काय, इथं." आपलं एवढ्यावर भागतं. इंग्रजाचं भागत नाही. तो हात खिशात ठेवून बोलतो आणि हाताचं काम एका बारक्या शब्दाकडून करून घेतो. देवळाच्या मागे म्हणजे बिहाइंड द टेम्पल. अगदी भिंतीला लागून मागे असेल तर जस्ट बिहाइंड. आणि आपण मान उंचावून 'तिकडेऽऽ' म्हणतो, तेवढं लांब असेल तर वे बिहाइंड. आमच्या वर्गातल्या मुलांच्या तोंडी हे शब्द येत नाहीत, कारण ते काम हात आधीच उरकून मोकळा झालेला असतो.

हा शोध माझा. सदाशिव पेठेत एकोणीस वर्षं मी, दत्तप्रसाद, इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवतो. वर्गात प्रत्येकाने दोन्ही हात उशीच्या अभ्र्यात घालून बसायचं, मनगटाशी नाडी. अभ्रे घरमालकीण विमलाबाईंचे. लोक हसतात. हसू देत. माझ्या प्रमाणपत्रावर छापलेलं असतं: 'हात न हलवता इंग्रजी बोलतात.' खोटं प्रमाणपत्र मी आजवर एकही दिलेलं नाही.

माझी विद्यार्थिनी रतन गोंदियाची. परदेशात कुणाच्या घरचं पाणी तापवायचं यंत्र बंद पडलं, की कुठला खटका कुठे आहे ते त्याला फोनवरून सांगायचं, अशी नोकरी तिला मिळायची होती. आधीच्या तीन कंपन्यांनी नाही म्हटलं होतं. या चौथीच्या रविराज साहेबांना दोन गोष्टी हव्या होत्या: चार वाजता फोनवर मुलाखत आणि माझं प्रमाणपत्र.

"हेपण गेलं तर मी गावाकडं जाते जी, सर," ती म्हणाली. रडली असती तर मी रागावलो असतो. ती रडली नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

अडचण एकच होती. हात अभ्र्यात गेले की तिची वाचा बसायची.

"सर, हात बांधले का तोंडपण बांधल्यासारखं होते जी."

"सवय होईल," मी म्हणालो. असं म्हणत मला आठ महिने झाले होते.

माझी परीक्षा साधी असते. माझ्या डोळ्यांवर पट्टी, कानात फोनचा इयरफोन. विद्यार्थी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, हात अभ्र्यात, फोन कुंडीला टेकवलेला. त्याने इंग्रजीत सांगत मला चौकाच्या पलीकडे न्यायचं आणि परत गॅलरीखाली आणायचं. मध्येच मला पट्टी काढावी लागली तर तो नापास. वेळ तीनची, कारण तेव्हा गर्दी कमी असते असा माझा समज होता.

निम्मा चौक ओलांडेपर्यंत रतनने मला नेलं, अडखळत का होईना. "स्ट्रेट... अहेड." पुढे शांतता. वर काय झालं ते विमलाबाईंनी मला नंतर, मी विचारलेलं नसताना, सांगितलं. रविराज साहेबांचा फोन तासभर आधीच आला. हात अभ्र्यात असल्यामुळे रतनने तो नाकाने घेतला, आणि नाक काही एकाच बटणाएवढं नसतं. दोन्ही फोन एकत्र जोडले गेले.

माझ्या कानात अनोळखी आवाज म्हणाला, "मिस रतन?" आणि डाव्या बाजूने मंडईकडे निघालेला टेम्पो ओरडला.

मी थांबलो. सगळा चौक थांबून माझ्यावर खेकसू लागला.

"आजोबा, नवस आहे का?"

"परीक्षा आहे," मी म्हणालो.

"या वयात? बरं, इकडे व्हा."

"इकडे कुठे?"

"हे काय, दाखवतोय ना."

दहा-बारा माणसं तरी एका आंधळ्या केलेल्या माणसाला हाताने वाट दाखवत होती. एकाने तर वैतागून विचारलं, दिसत नाही का. मग कुणीतरी पट्टीला हात घातला. मी दोन्ही हातांनी ती घट्ट धरली. पट्टी सुटली असती तर ती पोरगी नापास झाली असती. मला खूप भीती वाटत होती, पण पट्टी मी सोडली नाही.

"मिस रतन, तुमच्या लाइनवर हे कोण ओरडतंय?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

वरून कापड टर्रकन फाटल्याचा आवाज आला.

"माय टीचर, सर," रतन म्हणाली. "ही इज राइट इन द मिडल ऑफ द रोड. प्लीज होल्ड."

राइट! नुसतं मधोमध नाही, अगदी मधोमध. आठ महिने जो शब्द येत नव्हता तो जागेवर येऊन बसला होता. टेम्पोच्या तोंडापुढे उभं राहून मी म्हणालो, "करेक्ट."

मग ती थांबलीच नाही; आधी पलीकडे नेलं, मग परत आणलं. दुभाजकाला पाठ लावा, स्ट्रेट बॅक अगेन्स्ट इट. आता निम्म्यात थांबा, हाफवे अक्रॉस. रिक्षा जाऊ द्या. वड्याच्या गाडीच्या किंचित पुढे, जस्ट पास्ट इट, आणि थेट आमच्या भिंतीपर्यंत, ऑल द वे टु द वॉल. मला कुणाचाच धक्का लागला नाही. का, तेही विमलाबाईंनीच सांगितलं. गॅलरीत रतनने दोन्ही हात पसरले होते, आणि सिग्नलला कधी न थांबलेली माणसं त्या हातांपुढे निमूट थांबली होती.

"आता कुठे आहेत ते?" साहेबांनी विचारलं.

"राइट बिलो मी, सर. अलाइव्ह."

साहेब हसले. सोमवारी या म्हणाले. "फक्त सरांचं प्रमाणपत्र आज पाठवा. आमच्याकडे नियम म्हणजे नियम."

मी पट्टी काढली आणि जिना चढलो. रतन हात मागे लपवून उभी होती. शेजारी विमलाबाई, हातात फाटका अभ्रा.

"सर, नापास ना?" रतनने विचारलं. तिचे डोळे आता भरले होते.

"हात बाहेर होते तिचे," विमलाबाई म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलं. सगळ्या पेठेनं पाहिलं."

मी टेबलाशी बसलो. छापील ओळ दोनदा वाचली. एकोणीस वर्षं.

"मी नाही पाहिलं," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांवर पट्टी होती."

आणि सही केली.

सोमवारी रतन कामावर गेली. त्याच दिवशी मी उरलेले अकरा अभ्रे धुऊन, घड्या घालून खाली नेले.

"कुठे ठेवू?" मी विचारलं.

विमलाबाईंनी तोंडातून अक्षर न काढता नुसती हनुवटी उचलली. मी बरोबर त्याच फळीवर ठेवले.