गोणपाटात गुंडाळलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे, आणि आज माझा आवाज चढला तर रागावू नका. माझं बेअरिंग झिजलंय, कधी बंद पडेन नेम नाही. अख्ख्या गावाला पाणी पुरवणारी कंपनी एकच, आणि तिच्या पंपघरातला सगळ्यात थोरला पंप मी.

मला बसवलं तेव्हा काय कौतुक झालं माझं! पण त्या काळी मालक म्हणेल तो पाण्याचा दर. दुसरीकडे जायची सोयच नव्हती, लोक मुकाट्याने भरत. मग सरकारची दर समिती आली. तिनं नियम घातला: जेवढा खर्च, त्यावर ठरावीक नफा, बस्स. लूट थांबली. मीही मनात म्हटलं, बरी खोड मोडली!

याच नियमापायी माझा जीव जाईल, हे मला कुठं ठाऊक होतं?

कंपनीतल्या इंजिनीअरताईंची आई टेकाडावर राहते. तिथे नळाला करंगळीएवढी धार. माझ्या पोटात एक पंखा फिरतो, म्हणून पाणी वर चढतं. ताईंनी वर्षभर खपून तो नव्याने घडवला आणि एकदा बसवून बघितला. आहाहा! वीज निम्मी आणि टेकाडावर धो धो पाणी. आई फोनवर ओरडल्या ते मलाही ऐकू आलं, "अगं, बादली भरून वाहिली!"

तेवढ्यात कंपनीचे मोठे साहेब खाली आले. "काढा तो पंखा."

"साहेब, अहो, केवढी वीज वाचतेय!"

"तेच तर दुखणं आहे. खर्च घटला की समिती दरही खाली ओढते. आपल्या पदरात काय पडलं? आणि उद्या बिघडला, तर खापर आपल्याच डोक्यावर. त्यात हे तपासणीचं वर्ष!"

तपासणीच्या वर्षी जो खर्च दिसेल, त्यावर पुढचे दर ठरतात, आणि मध्येच खर्च घटला तर समिती तेही लगेच उतरवते. म्हणून जुना पंखा परत आला, शिवाय माझ्या पुढचा, पाण्याची वाट अडवणारा व्हॉल्व्ह साहेबांनी मुद्दाम अर्धा बंद करायला लावला. आता तेवढंच पाणी चढवायला मी दुप्पट वेळ फिरतो, ऊर फुटेस्तोवर. वीजबिल मस्त फुगतं.

ताई भांडल्या, रडल्या, शेवटी नोकरी सोडून गेल्या. जाताना माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाल्या, "किती तापलायस रे! तुझेही हाल आणि आईचेही." नवा पंखा त्यांनी गोणपाटात गुंडाळून माझ्या शेजारी ठेवला. तो तिथेच पडून आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी त्या समितीत बसेल. समिती मोडा असं मी म्हणत नाही, देवाशपथ नाही! मालक मोकळा सुटला तर पुन्हा तुमचे खिसे कापेल. फक्त एकदा ठरवलेला दर काही वर्षं हलवू नका. त्या मुदतीत जो वाचवेल, त्याला वाचलेल्यातलं थोडं खाऊ द्या, मग दर खाली आणा. बघा, साहेब स्वतः बाह्या सरसावून पंखा बसवायला येतात की नाही!

पण लवकर करा हो. खडखड वाढलीय. आज टेकाडावरचा नळ कोरडा पडला. साहेब मघाशी जिन्यातच फोनवर सांगत होते, "जळू दे पंप. याच्यासारखाच दुसरा आणू. तोही खर्चात धरता येतो."

अरे, ते गोणपाट सोडा रे कुणीतरी!