वापर शून्य

कार्यालयात त्याला सगळे कात्री म्हणत. तोंडावरसुद्धा. ते आवडतं हे तो कबूल करत नसे. पण कुणी खऱ्या नावाने हाक मारली की जरा उशिराच वळून बघे.

पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात एकशेचाळीस संगणक होते आणि सगळे उतारवयाचे. नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवा असा वरून हुकूम आला, तेव्हा ती त्यांच्यात मावेना. मावणार तरी कशी? जिच्यावरून संगणकात सगळं बसवतात ती मूळ इमेज म्हणजे एकच भलीमोठी फाइल, आणि तिच्यात खेळ, हवामान, नकाशे, फॅक्स असा न बोलावलेला गोतावळा. कात्रीचं काम हे की ती इमेज उघडायची, नको ते मुळासकट उपटायचं, पुन्हा बंद करायची आणि ही सडसडीत झालेली इमेज एकशेचाळीस ठिकाणी बसवायची.

"लपवणं वेगळं आणि काढणं वेगळं," तो नव्या माणसाला समजावत असे. "लपवलेलं कुणीही दोन बटणं दाबून परत आणतो. मी काढलेलं माझ्याशिवाय कुणाला आणता येत नाही." हे सांगताना त्याच्या आवाजाला जी धार चढे, ती बायकापोरांच्या माणसाला परवडणारी नव्हती. त्याला बायकापोरं नव्हती. घरात तो आणि त्याची वहिनी, दोघंच.

थोरला भाऊ गेला तेव्हा हा शाळेत होता. भावाच्या जागेवर वहिनीला नोकरी लागली आणि त्या नोकरीवर तिने दिराला शिकवलं. आता दोघं एकाच इमारतीत होते. तो वर, सर्व्हरच्या थंड खोलीत. ती खाली, सत्तेचाळीस नंबरच्या टेबलावर. लोकांच्या कागदी तक्रारींचे फोटो पडद्यावर येत, ते वाचून तक्रारी संगणकात भरायच्या आणि गळतीच्या ठिकाणी खोदायला माणसं धाडायची, हे तिचं काम. बावीस वर्षांत तिच्या टेबलावरून चुकीच्या दारात कुदळ पडली नव्हती.

संध्याकाळी चहा पिताना ती विचारी, "आज कुणाचा काटा काढलास?"

"नकाशे. हवामान. आणि तो पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज."

"बरं केलंस. कार्यालयात बोलणारे आधीच पुष्कळ आहेत. तुझ्याशी लग्न करणारीलाही आधी यादी धाडावी लागेल बघ, काय काय काढून ये म्हणून."

"म्हणूनच कुणी येत नाही."

"येत नाही तेच ठीक. दोन खोल्यांत मावणार कुठे?"

थट्टेत ती कुणाला हार जात नसे. माणूस थट्टा करत असला की त्याच्याकडे निरखून बघायचं राहून जातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कारण तिचे डोळे चालले होते. कडेचं दिसे, मधलं पुसट होत चाललं होतं. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. तीन वर्षांपूर्वी गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा दवाखान्यात, डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढेल, हळूहळू वाढेल. दिराला तिने सांगितलं नाही. कार्यालयात सांगणं तर शक्यच नव्हतं. नजर कमी झालेल्याला पडद्यासमोर बसता येत नाही असा नियम होता आणि पडदा नसलेलं टेबल आता इमारतीत उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या टेबलावरच्या काकांना याच कारणाने घरी बसवलं होतं. त्यांना निरोपाला घड्याळ दिलं. ज्याला आकडे दिसत नाहीत त्याला घड्याळ, यावर विभाग आठवडाभर हसला. ती हसली नाही. तिची चार वर्षं उरली होती आणि ती तिला त्याच टेबलावर काढायची होती. त्या टेबलाबाहेर आपण कोण, हे तिने बावीस वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं.

तिला तारलं होतं एका भिंगाने. जुन्या सिस्टिममध्ये दोन बटणं एकदम दाबली की पडद्यावर एक चौकट उघडे आणि तिच्यात अक्षरं मुठीएवढी होत. हे तिचं तिनेच शोधलं होतं. पडदा भिंतीकडे फिरवून घेतला होता, उन्हाची तिरीप येते म्हणून. शेजारच्या टेबलावरचीने विचारलं होतं, "या बाजूला ऊन कुठलं, ताई?" तर म्हणाली होती, "तुला नाही गं येत. तुझं नशीब थोर."

कात्रीची यादी मात्र मॅडमकडे अडली. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. त्यांनी विचारलं, "काय नको हे तू कोण ठरवणार?"

प्रश्न रास्त होता आणि कात्री न्यायाचा माणूस होता. त्याने एकशेचाळीस संगणकांत एक मोजणी बसवली. कोणता माणूस कोणतं साधन दिवसातून किती वेळा उघडतो, सगळं आपोआप नोंदलं जाणार. तीस दिवस. ज्याचा वापर शून्य ते बाहेर. मॅडमनी तसं परिपत्रक काढलं: संगणकाच्या वापराची नोंद ठेवली जात आहे, सर्वांनी सहकार्य करावे.

सहकार्य झालं. जे लोक जेवणाआधी तास अन् जेवणानंतर दोन तास पत्ते खेळत, ते महिनाभर हरिश्चंद्राचे अवतार झाले. महिनाअखेर खेळांच्या रकान्यात शून्य उतरलं तेव्हा कात्री खुर्चीत मागे रेलून हसला. "चोर आहेत लेकाचे," तो म्हणाला. नोंद होणार म्हटल्यावर माणसं आपलं खरं वागणं खिशात घालतात, हे त्याला त्या एका रकान्यापुरतं लख्ख दिसलं. खालच्या साठ रकान्यांत तेच शून्य त्याला विज्ञान वाटलं.

त्या साठांत भिंग होतं.

वहिनीने परिपत्रक दोनदा वाचलं होतं, भिंगातूनच. एकाच टेबलावर दिवसाला शंभरदा भिंग उघडतं असं कागदावर आलं की तो कागद कुठे जाईल हे कळायला तिला डोळे लागत नव्हते. महिनाभर तिने ती दोन बटणं दाबली नाहीत. तळहातात मावेल असं खरं भिंग आणलं आणि अर्धा तास आधी येऊन, नाक पडद्याला टेकवून काम उरकलं. शेजारची म्हणाली, "या वयात पावडर किती लावता हो, ताई? सारखा आरसा हातात." ती म्हणाली, "या वयातच लागते." तीस दिवस निघाले. एकतिसाव्या दिवशी आपलं भिंग परत मिळेल, एवढ्यावर तिने ते काढले.

नवी इमेज निम्म्याहून लहान झाली. संगणक पळायला लागले. मॅडम चक्क वरच्या खोलीत येऊन शाबास म्हणून गेल्या. खाली सत्तेचाळीस नंबरवर वहिनीने दोन बटणं दाबली. पुन्हा दाबली. मग बोटं पुसून, जणू बोटांचाच दोष असावा, तिसऱ्यांदा दाबली.

त्या संध्याकाळी चहा थंड होईपर्यंत ती थांबली.

"अरे, ते अक्षरं मोठी करायचं काहीतरी होतं ना पूर्वी?"

"भिंग? ते कोण वापरतं?"

"मी कुठे म्हणते मी वापरते. शेजारची म्हणत होती."

"तिला म्हणावं, वापर शून्य. एकशेचाळीस संगणक, तीस दिवस, एकदाही नाही. मी स्वतः मोजलंय."

"परत घालता नाही येत?"

"येतं की. इमेज पुन्हा बांधायची, मॅडमची सही घ्यायची, कारण लिहायचं आणि कुणी मागितलं त्याचं नाव लिहायचं. शेजारणीचं नाव घालू?"

"नको, नको. होईल तिला सवय," वहिनी म्हणाली आणि कप उचलून आत गेली. दाराची कडी तिच्या हाताला दुसऱ्या खेपेला लागली. कात्रीला वाटलं, दमली असेल.

सवय झाली नाही. रस्त्याचं नाव पडद्यावरच्या यादीतून निवडावं लागे आणि यादीत एकासारखी एक नावं एकाखाली एक. तिचं बोट खालच्या ओळीवर पडू लागलं. पहिल्या आठवड्यात दोन चुका, पुढच्यात तीन. मग एका चांगल्या रस्त्याची फरशी फोडून माणसं कोरडी माती बघत उभी राहिली. तिकडे खरी गळती चार दिवस वाहत राहिली आणि एका म्हाताऱ्या जोडप्याच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी चढलं. सहा आठवड्यांत विभागाच्या अकरा चुका झाल्या. पूर्वी वर्षाला इतक्या होत नसत.

मॅडमनी त्याला बोलावलं. "तुझी इमेज आल्यापासून हे चाललंय. काढताना हात जास्त चालला का तुझा?"

कात्री चिडून खाली उतरला. अकरापैकी दहा चुका सत्तेचाळीस नंबरच्या होत्या. जेवणाची सुट्टी होती, वहिनी डबा घेऊन गेली होती. तो तिच्या खुर्चीत बसला. संगणक ठणठणीत होता. पडद्याच्या काचेवर मात्र, बरोबर मधोमध, तेलकट डाग होते. नाक टेकल्याशिवाय तसे डाग पडत नाहीत. त्याने खण उघडला. आत तीन भिंगं होती, एकाहून एक मोठी. त्यांच्याखाली दोरीने बांधलेले कागद होते. शहरातल्या रस्त्यांची नावं, जाड पेनाने, एकेक अक्षर बोटाएवढं. अक्षर वहिनीचं होतं. चाळीसेक पानं होती आणि अजून अर्धे रस्तेही झाले नव्हते.

त्याने सगळं होतं तसं परत ठेवलं. खण लावताना आवाज होऊ दिला नाही.

घरी तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात, वरच्या खोलीत बसून त्याने इमेज पुन्हा उघडली आणि भिंग जागेवर घातलं. काम वीस मिनिटांचं. मंजुरीचा फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात सोयीसाठी असं लिहिलं. मागणाऱ्याच्या नावाचा रकाना तीन दिवस कोरा राहिला. तिचं नाव घातलं तर ती गेली. एकदा त्याने स्वतःचं घातलं. मग आठवलं, त्याचा करार याच महिन्यात नवा व्हायचा होता, आणि नजर अधू असलेल्या तंत्रज्ञाला कोण ठेवतं? त्याने नाव खोडलं. वहिनीसाठी जीव देईन असं तो पूर्वी मनात म्हणत असे. जीव कुणी मागितला नव्हता, नावच मागितलं होतं.

चौथ्या दिवशी मॅडमनी सगळ्या विभागाला बसवलं. त्या उभ्याच होत्या. "वर अहवाल जातोय," त्या म्हणाल्या. "नवी सिस्टिम रद्द. ज्याने केली त्याचा करार पुढे जाणार नाही. बोल, तुला काय म्हणायचंय?"

कात्रीकडे वाक्य तयार होतं. मी एक गरजेची गोष्ट काढली, चूक माझी आहे, ती परत घातली की चुका थांबतील. एवढंच. त्यातून कदाचित दोघंही वाचले असते. पण त्यात चूक माझी आहे हे तीन शब्द होते, आणि ते उच्चारायची त्याच्या जिभेला सवय नव्हती.

"मॅडम," मागून वहिनी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती आणि मॅडमच्या थोडी डावीकडे बघत होती, म्हणजे त्या नीट दिसाव्यात. "संगणकात काही दोष नाही. चुका माझ्या आहेत. मला दिसत नाही."

शेजारचीने तोंडावर हात ठेवला.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"झाले काही दिवस. त्याने केलंय ते चांगलं आहे. पूर्वी संगणक सुरू होईपर्यंत माझा चहा होऊन जायचा, आता होत नाही."

दोघं-चौघं हसले, सवयीने. कात्री खाली बघत राहिला. ती बसली, तरी तो खालीच बघत होता. मॅडमनी अहवाल मागे घेतला आणि वैद्यकीय तपासणीचा फॉर्म मागवला.

तो फॉर्म संध्याकाळी घरी आला. वहिनीने तो टेबलावर त्याच्यासमोर सरकवला. "वाच, भाऊजी," ती म्हणाली. भाऊजी ती फार क्वचित म्हणे.

त्याने वाचलं. नाव, पद, सेवेची वर्षं. तिने एकेक सांगितलं, त्याने लिहिलं. मग तो थांबला.

"काय आहे पुढे?"

"अडचण केव्हापासून."

"तीन वर्षं लिही."

त्याचं पेन हललं नाही. "वहिनी, भिंग होतं तोवर तू सगळं करत होतीस. ते लिहितो मी. मी काढलं म्हणून लिहितो. मॅडमना सांगतो उद्या."

"आज मॅडम समोर होत्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हिशेब मिटवून बाजूला ठेवावा तसा तो होता. "तीन वर्षं लिही. म्हणजे तुझ्या इमेजच्या आधीचं होतं. करार होऊ दे तुझा. आता घरात एकाचं तरी चालायला हवं."

त्याने तीन वर्षं लिहिलं.

"सही कुठे करायची?"

त्याने तिचं बोट धरून ओळीवर टेकवलं. तिने सही केली. ती जरा वरच्या, छापलेल्या अक्षरांवरून गेली. तिने विचारलं, ठीक झाली का? तो हो म्हणाला.