तुळईच्या पाठीवर खाच, पोटात आकडा

मी एक जुनी तुळई आहे, आणि मला फार राग आला आहे. आधी ऐकून घ्या, मित्रांनो, मग समजूत काढा.

झाड होते तेव्हा मी इतकी उंच होते की ढग माझ्या शेंड्याला अडकून टरकन फाटायचे. खोटं वाटतं? शेजारच्या तुळईला विचारा. तीही असंच सांगेल, आम्ही ठरवून ठेवलंय.

सुतारानं आम्हाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओळीनं बसवलं. दोघींमधलं अंतर या टोकाला जेवढं, तेवढंच त्या टोकाला. जरा तिरकी झाले की तो ओरडे, "अगं बाई, नीट! शेजारणीच्या अंगावर जाऊ नकोस!" वर फळ्या ठोकल्या आणि भार सगळ्यांनी वाटून घेतला. समांतर म्हणतात ते हे.

पुढे घरातल्या दोन भावांचं बिनसलं. थोरला वर, धाकटा खाली. "आम्ही समांतर रेषा, कधी भेटणार नाही," असं दोघंही मिरवू लागले. अरे, समांतर व्हायला दिशा तरी एक लागते! तुमची एकाची पूर्वेला, एकाची दक्षिणेला!

थोरल्याला वर बेसिन हवं होतं. प्लंबरनं फळ्या उचकटल्या आणि नळ न्यायला माझ्या ऐन मध्यावर, पाठीत, ही एवढी खाच पाडली. धाकट्यानं बाळाचा पाळणा टांगायला बरोबर त्याच जागी खालून आकडा ठोकला. मला विचारलं कुणी? मग पोटातून चीर निघाली.

बाळाच्या आईनं, धाकट्याच्या बायकोनं, ती पाहिली. बाळाला उचलून कडेवर घेतलं आणि घर डोक्यावर घेतलं. दोघं भाऊ धावत आले.

"तुझं छत, तू बघ," थोरला म्हणाला.

"छत कसलं? तुमची जमीन आहे ती, दादा!"

"असं?" ती म्हणाली. "भाऊजी, पाळण्याखाली तुम्ही बसा. आणि अहो, तुम्ही वर जाऊन बेसिनपुढे उभे राहा. काही झालेलं नाही ना? मग बसा की!"

गेले बिचारे आपापल्या जागी. मग मीही मुद्दाम करकरले, दात खाऊन करकरले! थोरला खालून ओरडला, "हलू नकोस रे!" धाकटा वरून ओरडला, "दादा, बाजूला हो आधी!" कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एकमेकांच्या जिवाची काळजी वाटली हो त्यांना.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. नळ भिंतीकडेनं वळला, आकडा निघाला. नवी तुळई मला चिकटवून बोल्टांनी आवळायची होती. तिचं एक टोक थोरल्याच्या खांद्यावर, दुसरं धाकट्याच्या.

"तुझं टोक वर घे!"

"तुमचंच खाली गेलंय, दादा!"

भांडण चालूच होतं, पण तुळई सरळ बसली.

माझा राग मात्र गेलेला नाही. मित्रांनो, घरात खाच पाडण्याआधी जरा वाका, फळीला कान लावा. तुमची जमीन म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरचं छत असतं. आणि ते मी धरलेलं असतं, माझ्या पाठीवर!